शिळेवरचे तांबडे पाऊल

ज्या काळाची गणना आज कोणापाशीही उरलेली नाही, अशा एका काळी, एका राज्यात एक विस्तीर्ण तळे होते. तळ्याच्या उगवतीला एक गाव होते आणि मावळतीला दुसरे. दोन्ही गावांची शेते त्या एकाच तळ्यावर पिकत असत. पाणी दोघांना पुरेल इतके होते; परंतु पाट एकच असल्यामुळे ते दोघांना एकाच वेळी मिळत नसे. ज्या गावाला आधी मिळे, त्याची कणसे टपोरी भरत. ज्याला मागाहून मिळे, त्याला आभाळाची मनधरणी करावी लागे.

या पहिल्या पाण्यावरून पूर्वी डोकी फुटत. तेव्हा एका शहाण्या राजाने निवाडा केला, की डोकी फोडण्यापेक्षा गाड्या पळवाव्यात. दरवर्षी दोन्ही गावांनी एकेक बैलगाडी आणावी, तळ्याला उजवी घालून पाच फेरे मारावेत आणि ज्या गाडीचे जू आधी रेषा ओलांडील, तिच्या गावाला त्या वर्षीचे पहिले पाणी मिळावे.

तळ्याभोवतीची ती वाट अंड्याच्या आकाराची होती. वळणांवर तिची बाहेरची कड परातीच्या काठासारखी उचललेली होती. त्यामुळे वळताना वेग आवरावा लागत नसे आणि भर वेगातली गाडी बाहेर फेकलीही जात नसे. इतकी वेगवान वाट त्या राज्यात दुसरी नव्हती. मात्र शर्यतीसाठी खास बांधलेली हलकी गाडी तेथे चालत नसे. गाडी रोजच्या कामातलीच हवी, तिला शेणखताचा वास आलाच पाहिजे, असा नियम होता. आणि राजाचे अधिकारी नाक पुढे करून तो नियम पाळत असत.

शर्यत म्हटली की पैजा आल्याच. कोणी कोंबडी लावी, कोणी पागोटे लावी. एका न्हाव्याने तर मावळतीच्या गाडीवर वर्षभराची फुकट हजामत लावली होती. पैज लावण्यास कोणालाही बंदी नव्हती. बंदी होती ती एकट्या पंचाला.

हा पंच दोहोंपैकी कोणत्याही गावचा नव्हता. तळ्याच्या काठावर, वाटेच्या आतल्या बाजूला एक काळी शिळा होती. वाटेच्या बाहेरच्या बाजूला, तिच्या बरोबर समोर, चुन्याने रंगवलेला एक खांब होता. शिळेपासून खांबापर्यंतची सरळ ओळ हीच शर्यतीची शेवटची रेषा. शिळेत पावलांच्या आकाराचे दोन खळगे कोरलेले होते. त्या खळग्यांत पावले रोवून पंचाने उभे राहायचे, खांबावर नजर लावायची आणि जी गाडी आधी ओळीत येईल, तिच्या गावाच्या दिशेने काठी उचलायची, अशी रीत होती.

ती रीत घालणारा राजा माणसे ओळखून होता. उभा असलेला मनुष्य पाऊलभर जरी डावीकडे, येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला सरकला, तरी त्याची नजर तिरकी होते आणि जवळची गाडी आहे त्याहून पुढे दिसते, हे त्याने स्वतः उभे राहून पाहिले होते. म्हणून शर्यतीपूर्वी पंचाचे तळवे ओल्या कावेने माखले जात. शर्यत संपल्यावर हरलेल्या गावच्या वडीलधाऱ्याने शिळेवर चढून पाहावे. कावेचे तांबडे पाऊल खळग्याबाहेर उमटलेले आढळले, तर निकाल रद्द व्हावा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पंचासमोर गाड्या पुन्हा पळाव्यात, असा दंडक होता.

परंतु आपल्या कथेतील पंच इतका चोख होता, की त्याच्या कारकिर्दीत शिळेवर चढून पाहण्याची पद्धतच मोडली. हरलेले गाव खालूनच हात जोडी आणि म्हणे, "तुमचा शब्द हीच आमची शिळा." हे ऐकून पंच आपल्या मिशीवरून हात फिरवीत असे. ती पांढरीशुभ्र होती, भरघोस होती आणि तिच्या दोन्ही टोकांवर लिंबू ठरेल, असे लोक म्हणत. पंच ते नाकारीत नसे.

एका वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी पंचाकडे त्याचे व्याही आले. पंचाची मुलगी त्यांच्या घरी दिलेली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती, आणि बोलण्याची हौस तर त्यांना फार होती.

दुपारी पाटावर बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "काय व्याही, उद्या कोण येणार?"

"जो पुढे येईल, तो," पंच म्हणाला. हे त्याचे ठरलेले उत्तर होते.

"हे तर आमच्या गोठ्यातली म्हैसही सांगेल!" व्याही हसले. "आलेल्याला आला म्हणायला नुसते डोळे पुरतात. येणाऱ्याला आधी ओळखायला अक्कल लागते. इतकी वर्षे त्या दगडावर उभे राहता, ते बैलांतले काही कळते म्हणून, की उभे राहायची सवय लागली म्हणून?"

पंचाची पत्नी आमटी वाढीत होती. तिने नवऱ्याकडे पाहून हळूच मान हलवली. तो इशारा पंचाला दिसला. तरीही तो म्हणाला, "पांढरी जोडी येईल. उगवतीच्या गावची."

"येईल, की येईल असे वाटते?"

"येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर ही मिशी उतरवीन!"

व्याह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "ऐकलेत ना विहीणबाई? आता माघार नाही. आणि जोडी आलीच, तर चार माणसांदेखत मी कबूल करीन, की आमच्या व्याह्यांना बैलांतले कळते. माझ्या तोंडून अशी कबुली निघणे ही काही लहान गोष्ट नव्हे."

व्याही वामकुक्षीला गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, पंचाने पैज लावायची नसते ना?"

"ही कसली पैज? कोणाचा एक दाणाही इकडचा तिकडे व्हायचा नाही. घरातली थट्टा आहे ही."

"थट्टाच असेल, तर शेवटचा भात तसाच टाकून का उठलात?"

पंच पाण्याच्या घंगाळात आपले प्रतिबिंब पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याभोवती पाय ठेवायला जागा उरली नाही. पंचाचे तळवे कावेने माखण्यात आले. तो शिळेवर चढला आणि त्याने दोन्ही पावले खळग्यांत रोवली. शिंग वाजले, आणि गाड्या सुटल्या.

पांढऱ्या जोडीच्या धुरकऱ्याने आतली बाजू धरली. तेथून अंतर कमी पडे. मावळतीच्या गावची जोडी तांबडी होती. तिच्या धुरकऱ्याने बाहेरची उंच कड धरली. तेथून अंतर अधिक पडे. परंतु वळण संपताना उतार लागे आणि गाडी दुप्पट जोराने खाली येई. पहिल्या फेऱ्यात पांढरी पुढे होती, दुसऱ्यात तांबडी. तिसऱ्यात दोन्ही गाड्यांची चाके एकमेकांना घासली आणि लोकांनी श्वास रोखला. चौथ्यात पुन्हा पांढरी पुढे आली.

"अरे, हाण! पहिले पाणी आपलेच!" एका बाजूने ओरडा उठला.

"पाणी आमचे, धूळ तुमची!" दुसऱ्या बाजूने उत्तर आले.

पाचव्या फेऱ्यात गाड्या शेवटच्या वळणाआड गेल्या. तेथे उंबराची झाडे दाट असल्यामुळे शिळेवरून काही दिसत नसे. इतर वर्षी पंच त्या क्षणी खांबावर नजर खिळवून शांत उभा राही; कारण कोण येते याच्याशी त्याला कर्तव्य नसे. त्या दिवशी मात्र त्याचा हात आपोआप मिशीकडे गेला. आपली जोडी पुढे आहे ना, इतकेच त्याला पाहायचे होते. तो डावीकडे वाकला, आणखी वाकला. आणि तोल राखण्यासाठी त्याचा डावा पाय खळग्यातून निघून डावीकडे पडला.

आपला पाय निघाला, हे त्याला कळलेही नाही. लोकांपैकी कोणाच्या ते ध्यानात आले नाही. कारण धावत्या गाड्या सोडून पंचाच्या पायांकडे कोण पाहणार?

गाड्या वळणातून बाहेर पडल्या. तांबडी उतारावरून वीज पडावी तशी खाली येत होती, पांढरी आतून जीव तोडून पळत होती. दोन्ही जुवे ओळीत आली न आली, तोच पंचाने पाहिले. त्याच्या डोळ्यांना पांढरी जोडी वीतभर पुढे दिसली. वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. पंच खोटे बोलला नाही. त्याला जे दिसले, तेच त्याने सांगितले. त्याने काठी उगवतीकडे उचलली आणि त्या ओघात त्याचा पाय नकळत खळग्यात परतला.

उगवतीच्या गावकऱ्यांनी गुलाल उधळला. मावळतीच्या गावची वृद्ध पाटलीण काठी टेकीत शिळेपाशी आली. वयाने ती पंचाहून वडील होती. तिच्या गावच्या तरुणांनी गिल्ला केला, "आजी, वर चढून बघा! आमचीच गाडी पुढे होती!"

"गप्प बसा रे," ती म्हणाली. "इतकी वर्षे ज्याच्या शब्दावर जिंकलो, त्याच्याच शब्दावर हरायला नको का?" मग तिने वर पाहून हात जोडले. "तुझा शब्द हीच आमची शिळा, बाबा." आणि ती वळून चालू लागली.

पंचाने नमस्कार स्वीकारण्यासाठी मान लववली. तेव्हा त्याची दृष्टी खाली गेली. डाव्या खळग्याच्या बाहेर, काळ्या शिळेवर, एक तांबडे पाऊल उमटलेले होते. पाची बोटे स्पष्ट दिसत होती.

प्रथम त्याला वाटले, हे पाऊल दुसऱ्या कोणाचे तरी असेल. परंतु शिळेवर दुसरे कोणी चढलेच नव्हते. मग त्याला वाटले, एवढ्याशा सरकण्याने काय होते? त्याचेही उत्तर त्याला ठाऊक होते. कारण जवळची गाडी पांढरीच होती. मग तो स्वतःशी म्हणाला, "मी लबाडी केली नाही. मला दिसले ते मी सांगितले. न केलेल्या पापाची खूण मी का बाळगावी?" त्याने पाय धुण्यासाठी ठेवलेल्या तांब्यात उपरण्याचे टोक भिजवले, खाली वाकला आणि पाऊल पुसू लागला. काव दगडात मुरलेली होती. टाच पुसली गेली, बोटे निघेनात.

एवढ्यात खालून व्याह्यांचा आवाज आला. "व्याही! वाचली हो मिशी, वाचली! या खाली, चार माणसे जमवली आहेत!"

पंच दचकून उठला. सवयीने त्याने मिशीला पीळ दिला, तेव्हा बोटांची काव मिशीला लागली. लोकांना तो गुलाल वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रीतीप्रमाणे विजयी बैलांना पंचाने गुलाल लावायचा असे. तो खाली उतरला. पांढऱ्या जोडीतला बाहेरच्या अंगाचा बैल तोंडाला फेस आणून उभा होता. पंचाने गुलालाची मूठ त्याच्या कपाळाशी नेली, तोच बैलाने मान फिरवली.

"हा गुलाल माझा नव्हे," बैल म्हणाला.

पंचाने इकडेतिकडे पाहिले. इतरांना केवळ हंबरणे ऐकू आले असावे. कारण कोणाच्याही चेहऱ्यावर नवल दिसत नव्हते.

"तुझा नव्हे, हे तू कशावरून म्हणतोस?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

"उतार लागल्यापासून खांबापर्यंत त्या तांबड्याचे शिंग माझ्या डोळ्यापुढे होते. मी मागे टाकलेले शिंग मला पुढे कसे दिसेल?"

"मला तर तू पुढे दिसलास."

"दिसलो असेन," बैल म्हणाला. "मी जीव तोडून धावलो, पण पैज लावली नव्हती. म्हणून मला दिसले ते असे, आणि तुला दिसले ते तसे."

पंचाच्या हातातला गुलाल खाली सांडला. त्या एका क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट व्याह्यांनी जमवलेल्या चार माणसांकडे जात होती. तेथे शाबासकी होती आणि आयुष्यभराचे नाव अबाधित होते. दुसरी शिळेकडे जात होती. मावळतीच्या गावची माणसे अद्याप दृष्टीआड झालेली नव्हती. परंतु फार वेळ ती तशी राहणार नव्हती.

पंच शिळेवर चढला. त्याने काठी तीनदा दगडावर आपटली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "थांबा! माझे पाऊल सरकले आहे. निकाल रद्द समजावा."

पाटलीण परत आली. या वेळी ती शिळेवर चढली. तिने वाकून पाहिले.

"हे अर्धे पुसलेले आहे," ती म्हणाली.

"होय. मीच पुसत होतो." पंचाने उपरण्याचे तांबडे टोक तिच्यापुढे धरले. "काल मी घरात एक पैज लावली. ही मिशी लावली. पाय त्यामुळे सरकला, आणि पायामागे डोळा गेला."

"मग पुसायचा थांबलास कशाने?"

"बैल बोलला."

हे ऐकून लोक हसले. "बैलाची साक्ष पंचांत घेत नाहीत!" कोणी तरी ओरडले. पाटलीण मात्र हसली नाही.

"आमचा बैल बोलला, की त्यांचा?"

"त्यांचा."

"तर मग खरे असेल," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

पंचाने काठी तिच्या हाती दिली, आणि तिने ती राजाच्या अधिकाऱ्याकडे सोपवली. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पंचासमोर गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या.

आता वाचणाऱ्याला वाटेल, की सत्य बाहेर आले म्हणजे सर्व सुरळीत झाले. तसे झाले नाही. आदल्या दिवशीच्या त्या शेवटच्या उतारावर तांबड्या जोडीतल्या एका बैलाचा पाय मुरगळला होता. रात्रीतून तो सुजला. दुसरी जोडी आणण्याची मुभा नियमात नव्हती. तांबडी जोडी धावली, परंतु तिसऱ्या फेऱ्यातच मागे पडली, आणि पांढरी जोडी सर्वांच्या देखत पुढे आली. या वेळी पंचाच्या डोळ्याची गरजच भासली नाही. पहिले पाणी उगवतीच्या गावाला मिळाले. मावळतीच्या गावाला ते मागाहून मिळाले, आणि त्या वर्षी त्याची कणसे बारीक राहिली.

निघताना पाटलीण जुन्या पंचापाशी थांबली. "तू खोटा नाहीस, हे मी गावाला सांगेन," ती म्हणाली. "पण बाबा, काल जिंकलेले आज पुन्हा जिंकायला आमच्या बैलाला दुसरा पाय कोठून आणू?"

पंचाने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि तो घराकडे निघाला.

घरी व्याही वाट पाहत होते. त्यांचाही चेहरा उतरला होता; तरी वातावरण हलके करावे, म्हणून ते म्हणाले, "काही झाले तरी शेवटी पांढरी जोडीच आली. पैज तुम्हीच जिंकलात. बोलावू का चार माणसे?"

"बोलवा," पंच म्हणाला. "आणि न्हाव्यालाही बोलवा."

"अहो, पण जिंकलेला मनुष्य मिशी उतरवतो का?"

"कोण जिंकले, हे मला बैलाने सांगितले आहे."

न्हावी धोपटी घेऊन आला. त्याने मावळतीच्या गाडीवर वर्षभराची हजामत लावली होती आणि तो ती हरला होता. "आजपासून फुकटच करायची आहे," तो सुस्कारा टाकून म्हणाला, "पण हिला हात लावायला नको वाटते, बाबा." पंचाने डोळे मिटून मान वर केली. पत्नी दाराआड उभी राहून पाहत होती. सर्व आटोपल्यावर तिने ताट वाढले, आणि त्या दिवशी पंचाने शेवटचा भात टाकला नाही.

त्यानंतर तो पुन्हा कधी शिळेवर उभा राहिला नाही. मात्र दरवर्षी शर्यतीच्या सकाळी तो तेथे येई आणि नव्या पंचाचे तळवे स्वतःच्या हातांनी कावेने माखीत असे. त्यापूर्वी तो नव्या पंचाची मिशी उतरवून घेई. कोणी कारण विचारले, तर म्हणे, "शिळेवर चढणाऱ्यापाशी पैजेला लावण्यासारखे काही शिल्लक असू नये." पुढे तीच रीत झाली. आणि शर्यत संपली, की निकाल कोणताही लागो, हरलेल्या गावचा वडीलधारा शिळेवर चढून, वाकून, पाऊल पाहू लागला. आणि यात पंचाचा अपमान होतो, असे कोणालाही वाटेनासे झाले.

तात्पर्य : ज्याला निवाडा करायचा आहे, त्याने थट्टेतही पैज लावू नये, कारण पैज लागली की प्रामाणिक डोळाही पक्ष घेतो.